जुन्या नोकिया एन९०० वर आजचं लिनक्स, आतलं काहीही न हलवता

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो, मागचं झाकण लावा. आत्ता हे वाक्य विचित्र वाटेल, पण माझ्या दोन संध्याकाळी ह्या एका झाकणापायी वाया गेल्यात, त्यामुळे बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. कारण पुढे येईलच.

तर एन९००. २००९ च्या शेवटी नोकियाने काढला, कंपनी ह्याला फोन म्हणतच नव्हती, मोबाइल कॉम्प्युटर म्हणायची, आणि खरंच तो आधी कॉम्प्युटर होता आणि मग फोन. ६०० मेगाहर्ट्झचा ओमॅप ३४३० प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ३२ जीबी आतली मेमरी, साडेतीन इंची ८०० बाय ४८० ची स्क्रीन आणि आडवा धरला की सरकून बाहेर येणारा तीन ओळींचा कीबोर्ड. भारतात २०१० मध्ये आला तेव्हा किंमत तीस हजाराच्या घरात, आम्ही तेव्हा नुसते फोटो बघायचो. मी घेतला तो पुष्कळ वर्षांनी, जुना, १८०० रुपयांना, एका माणसाच्या कपाटात पडून होता आणि चार्जरसुद्धा नव्हता.

आता कोणी म्हणेल ह्यात लिनक्स काय टाकायचं, ह्यात आहेच की. बरोबर आहे. माएमो ५ म्हणजे डेबियनच्या वळणाचंच लिनक्स, टर्मिनल उघडून ॲप्ट-गेट, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवायची कमांड, मारता येते. पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, २.६.२८, ब्राउझर त्याच जमान्यातला, आजच्या बहुतेक सुरक्षित साइट्स तो उघडतच नाही, नव्या सर्व्हरला एसएसएच करायला, म्हणजे नेटवरून त्याच्या टर्मिनलमध्ये शिरायला, गेलं तर दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. कंपनीने २०११ मध्ये विंडोजची वाट धरली आणि माएमो जिथे होतं तिथेच राहिलं. म्हणून आपण त्यावर पोस्टमार्केटओएस चालवणार आहोत. २०१७ मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट आहे, खाली अल्पाइन लिनक्स, हेतूच हा की जुने फोन फेकायचे नाहीत. माएमो लेस्ते नावाचं दुसरंही एक आहे, देवुआनवर, म्हणजे डेबियनच्याच एका फांदीवर, बांधलेलं, जुन्या माएमोचाच चेहरामोहरा ठेवलेला, दिसायला फार गोड, पण २५६ एमबीत ते दमतं, म्हणून माझी पसंती पहिल्याला.

आणि एक अट मी स्वतःला घातली होती ती तुम्हीही घाला असं माझं मत आहे: सगळं मेमरी कार्डावर. आतलं माएमो आहे तसं राहू द्यायचं, कार्ड काढलं की फोन २०१० मध्ये परत. ही सोय ज्या उपकरणात आहे त्यात आतली सिस्टिम पुसायची घाई करणं म्हणजे उगाच हौस.

कमांड्स मी खाली आपण मित्राला फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी हार्डवेअर, कारण अर्ध्या भानगडी तिथेच

बॅटरी बीएल-५जे लागते. चांगली बातमी ही की हीच बॅटरी ५८०० एक्सप्रेसम्युझिकला होती, ५२३० ला होती आणि ल्युमिया ५२० लाही होती, आणि हे फोन आपल्याकडे गल्लोगल्ली विकले गेलेत, त्यामुळे मोबाइल रिपेअरच्या दुकानात अजून मिळते. नुसती एन९०० ची बॅटरी मागितलीत तर दुकानदार नाही म्हणेल, ५२३० ची मागा, ड्रॉवरमधून काढून देईल. दोन घ्या. आणि सोबत तो दोन पिना सरकवून बॅटरी चिमटीत धरायचा युनिव्हर्सल चार्जर घ्या, तो स्वस्तात मिळतो आणि ह्या सगळ्या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. कारण एन९०० मध्ये चार्जिंग बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरच्या हातात आहे, सिस्टिम नीट बूट झाली तर ती चार्ज करणार, आणि बॅटरी तळाला गेली असेल तर सिस्टिम बूट होत नाही, म्हणजे कोंबडी आधी की अंडं. फ्लॅशिंगच्या, म्हणजे केबलवरून फोनमध्ये सिस्टिम चढवायच्या, मोडमध्येही केबल लावलेली असली तरी बॅटरी उतरतच असते. म्हणून बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज करून मगच कामाला बसायचं.

दुसरी गोष्ट चार्जिंगचं भोक. एन९०० चा मायक्रो यूएसबी पोर्ट बोर्डावर नुसत्या वरच्या डागांवर टिकून असतो, आणि केबल जरा वाकडी ओढली की डागांसकट उखडतो. ही ह्या मॉडेलची प्रसिद्ध खोड आहे. जुना घेताना केबल लावून बोटाने अगदी हलकं हलवून बघा, चार्जिंगचा दिवा लागतो-जातो-लागतो असं झालं तर तो पीस सोडा किंवा किंमत पाडा. पोर्ट निघालाच तर डाग पुन्हा लावून बाजूने इपॉक्सी भरून देणारे कारागीर असतात, पण आधीच सांगा की इपॉक्सी आत भोकात जाऊ देऊ नका, माझ्या एका मित्राच्या फोनचं तसं झालं आणि मग केबलच आत जाईना. मी स्वतः केबल लावताना फोन टेबलावर पालथा ठेवतो आणि केबल चिकटपट्टीने टेबलाला चिकटवतो, हसा पण पोर्ट अजून शाबूत आहे.

कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून बघा, विशेषतः यू. फ्लॅशिंग मोडमध्ये जायला यू लागतो, तो मेला असेल तर पुढचं सगळं अवघड.

माएमो सुरू होत असेल तर त्यातला डेटा काढून घ्या. केबलने लॅपटॉपला लावलं की मास स्टोरेज मोड विचारतो, साधारण २७ जीबीचं फॅटवालं पार्टिशन दिसतं, सगळं कॉपी करून ठेवा. आपण त्याला हात लावणार नाही आहोत तरीही.

कार्ड बनवणं

८ ते ३२ जीबीचं बऱ्या कंपनीचं मायक्रोएसडी घ्या. इथे काटकसर करू नका, कारण सगळी सिस्टिम ह्याच्यावर पळणार आहे आणि हळू कार्डावर ती इतकी रखडते की तुम्ही दोष प्रोसेसरला द्याल.

लॅपटॉपवर कुठलंही लिनक्स चालेल. पीएमबूटस्ट्रॅप नावाचं पायथनमधलं टूल आहे, तेच सगळं करतं. डिस्ट्रोच्या रेपोमध्ये, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारात, तेही असतं पण ते बरेचदा शिळं असतं आणि शिळं असलं की सुरुवातीलाच व्हर्जनवरून रुसतं, म्हणून पोस्टमार्केटओएसच्या गिटलॅबवरून गिट क्लोन करून घेतलेलं बरं. मग 'पीएमबूटस्ट्रॅप इनिट'. हा प्रश्नांची सरबत्ती करतो. वर्क फोल्डर विचारतो, एंटर. चॅनल विचारतो, एज द्या. व्हेंडर नोकिया, डिव्हाइस एन९००. युजरनेम काहीही, पण सगळी छोटी अक्षरं. फर्मवेअरबद्दल विचारलं तर हो म्हणा, वायफायची चिप फर्मवेअरशिवाय उठत नाही.

कीमॅप, म्हणजे कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटायचं तो तक्ता, विचारतो तिथे नीट बघा, 'यूएस' स्लॅश 'आरएक्स५१ अंडरस्कोर यूएस' असं काहीतरी यादीत असेल. आरएक्स-५१ हे एन९०० चं आतलं नाव. हाच निवडायचा. का, तर ह्या कीबोर्डावर आकड्यांची वेगळी ओळच नाही, आकडे वरच्या क्यू-डब्ल्यू-ई-आर च्या डोक्यावर छापलेत आणि निळ्या बाणाची एफएन की दाबून येतात. साध्या यूएस कीमॅपला ही एफएन की म्हणजे काय ते माहीतच नसतं. ह्याच कारणासाठी पासवर्डही पहिल्यांदा निव्वळ छोट्या अक्षरांचा ठेवा. आकडे घातलेत आणि कीमॅप काही कारणाने लागला नाही तर लॉगिनच्या दारात उभं राहून आपलाच पासवर्ड आपल्याला टाइप करता येत नाही, आणि तो फील फार अपमानास्पद असतो. नंतर बदला हवा तर.

युजर इंटरफेस विचारतो, तिथे मोह होतो. फॉश, प्लाझ्मा वगैरे नावं दिसतात. अजिबात नको. ह्याच्या पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिपला आजच्या कर्नलमध्ये धड मोकळा ड्रायव्हर नाही, सगळं चित्र प्रोसेसरलाच काढावं लागतं, त्यात २५६ एमबी. आय३डब्ल्यूएम नावाचा हलका विंडो मॅनेजर घ्या, किंवा माझ्यासारखे असाल तर नुसता कन्सोल, म्हणजे फक्त अक्षरांची स्क्रीन. एसएसएचची चावी कॉपी करू का विचारलं तर हो म्हणा, पुढे हीच चावी तुम्हाला वाचवणार आहे. टाइमझोन एशिया/कोलकाता. बाकी सगळीकडे एंटर.

आता कार्ड रीडरमध्ये कार्ड लावा आणि लगेच 'एलएसबीएलके' मारा, ती जोडलेल्या डिस्कची यादी दाखवते. कार्ड काढून एकदा, लावून एकदा. जी ओळ नव्याने आली ती तुमची. हे दोनदा करायला सांगतोय कारण मी एकदा गडबडीत एसडीबी आणि एसडीसी मध्ये गोंधळलो होतो आणि एसडीबी म्हणजे बायकोच्या फोटोंची बॅकअप डिस्क होती. एंटर मारायच्या आधी टूल डिस्कचं नाव दाखवून विचारतं, तिथे साइज ५०० जीबी दिसली आणि हात थांबला. कार्ड १६ चं. तेव्हापासून हे काम करताना बाकी सगळ्या डिस्क उपटून ठेवतो.

पक्की खात्री झाली की 'पीएमबूटस्ट्रॅप इन्स्टॉल', पुढे दोन डॅश लावून डिस्क, बरोबरचं चिन्ह, आणि कार्डाचा पत्ता, म्हणजे स्लॅश डेव्ह स्लॅश एसडी अमुक. आकडा लावायचा नाही, पूर्ण कार्ड द्यायचं, पार्टिशन नाही. एन्क्रिप्शनच्या वाटेला जाऊ नका, ह्या प्रोसेसरला ते ओझं आहे. हे टूल इंटरनेटवरून पॅकेजेस उतरवतं, कार्डाचे दोन भाग करतं, पहिला बूटचा छोटा, दुसरा बाकी सगळा. नेटच्या वेगाप्रमाणे वेळ लागतो, चहा टाका.

बूटलोडर, जिथे लोक घाबरतात

एन९०० मध्ये नोकियाचा स्वतःचा नोलो नावाचा बूटलोडर, म्हणजे फोन लावल्यावर आधी जागा होऊन सिस्टिमला उठवणारा प्रोग्रॅम, आहे. त्याला मेमरी कार्ड वगैरे काही समजत नाही, तो आतल्या नँड चिपवरच्या कर्नलच्या जागेतून जे मिळेल ते उचलतो आणि पळवतो. ती जागा २ एमबीची. आपण काय करणार, तर त्या कर्नलच्या जागी यू-बूट देणार. यू-बूट हा छोटासा बूटलोडरच आहे पण नोलोला वाटतं हा कर्नल आहे, तो भोळेपणाने त्याला सुरू करतो, आणि मग यू-बूट कार्डावर बघतो. थोडक्यात दारावरच्या वॉचमनला फसवून आपला माणूस आत पाठवायचा.

ह्याची गंमत अशी की यू-बूट कायमचा लिहायची गरजच नाही. केबलवरून नुसता रॅममध्ये चढवून चालवता येतो, फोन बंद केला की नामोनिशाण नाही. म्हणून पहिल्यांदा नेहमी असंच करायचं.

त्यासाठी लागणारं टूल म्हणजे शून्य, एक्स आणि चार एफ असं विचित्र नावाचं, डेबियन आणि उबुंटूत ह्याच नावाने ॲप्टमधून मिळतं. नोकियाच्या बंद फ्लॅशरला पर्याय म्हणून लोकांनी बनवलेलं. आणि यू-बूटची बिन फाइल लागेल, यू-बूटच्या सोर्समध्ये नोकिया आरएक्स५१ चा कॉन्फिग आहे, त्यावरून आर्म कंपायलरने बनवता येते.

कार्ड फोनमध्ये घाला. मागचं कव्हर उघडलं की बॅटरीशेजारीच स्लॉट आहे. बॅटरी घाला. झाकण लावा. फोन बंद असू द्या, केबल फोनला लावलेली नको.

लॅपटॉपवर कमांड तयार ठेवा: सुडो, टूलचं नाव, मग डॅश एम, मग 'कर्नल कोलन यू-बूट डॉट बिन', मग डॅश एल, मग डॅश बी. डॅश एम म्हणजे कुठली इमेज, डॅश एल म्हणजे रॅममध्ये चढव, डॅश बी म्हणजे बूट कर. एंटर मारा, टूल डिव्हाइसची वाट बघत बसेल. आता फोनचा कीबोर्ड उघडा, यू दाबून धरा, आणि यू सोडायच्या आत केबल लावा. नोकियाचा लोगो येईल आणि वरच्या कोपऱ्यात बारीक यूएसबीची खूण. ती खूण दिसली की यू सोडा. एक-दोन सेकंदात लॅपटॉपवर ओळी धावतात आणि फोनवर अक्षरं यायला लागतात.

खूण आली नाही तर बॅटरी काढून घालून पुन्हा. खूण आली पण लॅपटॉपला दिसत नसेल तर 'एलएसयूएसबी' मारून नोकियाचं नाव येतंय का बघा. येत नसेल तर केबल बदला, ह्या जमान्यातल्या अर्ध्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, नुसत्या चार्जिंगच्या. हब मध्ये घालू नका, थेट लॅपटॉपला.

यू-बूट सुरू होताना कीबोर्ड सरकवून उघडा ठेवला तर तो बूट मेन्यू दाखवतो, बंद असला तर स्वतःच क्रमाने कार्ड, आतली मेमरी वगैरे तपासत जातो. पहिल्या वेळी उघडाच ठेवा आणि मेन्यूतून एसडी कार्ड निवडा, म्हणजे काय चाललंय ते कळतं.

आणि इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या

कार्डावरचा कर्नल सुरू झाला. पेंग्विन वगैरे नाही पण पांढरी अक्षरं झरझर पळाली, मी खूश, आणि मग ठप्प. रूट पार्टिशन, म्हणजे कार्डाचा तो सगळी सिस्टिम असलेला दुसरा भाग, सापडत नाही म्हणे. अरे आत्ताच तर त्याच कार्डावरून कर्नल उचललास! कार्ड पुन्हा बनवलं. दुसरं कार्ड आणलं. पार्टिशनला फाइलसिस्टिम चेक मारला, सगळं स्वच्छ. रात्री साडेबारापर्यंत बसलो.

प्रकार असा, की मी सोयीसाठी मागचं झाकण काढूनच ठेवलं होतं. अडकला की बॅटरी उपटायची, घालायची, पुन्हा यू दाबायचा, दर वेळी झाकण कोण लावत बसणार. पण एन९०० च्या झाकणात एक चिमुकलं चुंबक आहे आणि बोर्डावर त्याला ओळखणारा सेन्सर. माएमोत झाकण उघडलं की कार्ड अनमाउंट व्हायचं, कार्ड ओढून काढताना डेटा बिघडू नये म्हणून केलेली सोय. मी टाकलेल्या कर्नलमध्येही कार्ड आहे की नाही हे त्याच सेन्सरवरून ठरत होतं, पुढच्या नव्या कर्नलमधून ही अट काढून टाकलीय. म्हणजे यू-बूट बिचारा कार्ड सरळ वाचतो, त्याने कर्नल दिला, आणि कर्नलने डोळे उघडल्यावर बघितलं तर झाकण उघडं, सबब कार्ड नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं म्हणून झाकण लावून बॅगेत टाकायच्या आधी सहज एकदा बूट केला तर लॉगिन समोर.

पहिलं बूट वेळ घेतं, त्यात ते दुसरं पार्टिशन कार्डभर पसरवतं. माझ्याकडे लॉगिन यायला दोनेक मिनिटं लागली, नंतरच्या वेळी त्याहून कमी. घाई करून बॅटरी उपटू नका.

आत शिरल्यावर

लगेच फोनच्या कीबोर्डावर काम सुरू करू नका. केबल लावलेलीच आहे, लॅपटॉपवरून 'एसएसएच' करा, युजरनेम, ॲट, १७२.१६.४२.१. केबलवरूनच नेटवर्क तयार होतं आणि फोनचा पत्ता नेहमी हाच असतो. चावी आधी कॉपी केली असेल तर पासवर्डही नको. सगळी मांडामांड मोठ्या कीबोर्डावरून.

पहिली मांडामांड तारखेची. एन९०० च्या बोर्डावर घड्याळ जिवंत ठेवणारा एक बारीक सेल असतो, इतक्या वर्षांनी तो बहुतेक सगळ्यांचाच मेलेला आहे, त्यामुळे बॅटरी काढली की फोन कुठल्यातरी जुन्या सालात जागा होतो. वरवर निरुपद्रवी वाटतं, पण तारीख चुकली की सर्टिफिकेट सगळी अवैध ठरतात आणि 'एपीके अपडेट' (एपीके म्हणजे इथलं ॲप्ट-गेट) काहीतरी भलतीच एरर देतं, आपण नेटवर्क तपासत बसतो. 'सुडो डेट डॅश एस' ने हाताने तारीख घाला, मग नेट मिळालं की वेळ आपोआप जुळवणारी सर्व्हिस चालू आहे ना बघा.

वायफाय 'एनएमटीयूआय' ने जोडा, मेन्यू येतो, सोपं आहे. दिसतच नसेल तर राउटर बघा. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि बी-जी ओळखते, डब्ल्यूपीए२ पर्यंत तिची मजल. हल्ली राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देतात आणि वर डब्ल्यूपीए३ लावलेलं असतं. मी घरच्या राउटरवर एक गेस्ट नेटवर्क केलं, २.४ आणि डब्ल्यूपीए२ वालं, त्यावर हा आणि जुना प्रिंटर असे दोघे म्हातारे राहतात.

स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली की लागणाऱ्या जादा जागेसाठी, झेडरॅम चालू आहे का 'फ्री' मारून बघा. रॅममध्येच दाबून दाबून पानं ठेवतो तो, कार्डावर स्वॅप फाइल ठेवण्यापेक्षा बरा, कार्ड झिजत नाही.

मग 'सुडो एपीके ॲड' करून टीमक्स, विम, मॉश, गिट, पायथन, जे तुमचं असेल ते. ब्राउझरची हौस असेल तर डब्ल्यू३एम किंवा लिंक्स, आय३ घेतलं असेल तर नेटसर्फ. फायरफॉक्सचं नावही काढू नका.

कीबोर्डाशी जमवून घ्यावं लागतं. ह्यावर एस्केप नाही, टॅब नाही. टॅबऐवजी कंट्रोल आय चालतं, टर्मिनलच्या लेखी दोन्ही एकच. विम एडिटरमध्ये एस्केपसाठी मी जे-के अशी जोडी मॅप केली, मराठी रोमनमध्ये लिहिताना ही अक्षरं फारशी लागोपाठ येत नाहीत म्हणून. पाइप, कंस वगैरे चिन्हं शोधण्यापेक्षा ज्या कमांड रोज लागतात त्यांचे एक-दोन अक्षरांचे अलियस, म्हणजे टोपणनावं, लॅपटॉपवरून लिहून टाका. माझ्याकडे 'डब्ल्यू' म्हणजे आजची डायरी उघड आणि 'जीपी' म्हणजे गिटवर ढकल, नव्वद टक्के वेळ एवढंच लागतं.

मराठीबद्दल. नुसत्या कन्सोलवर देवनागरी विसरा, लिनक्सच्या कन्सोल फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि जोडाक्षरं जोडणं त्याला माहीतच नाही, चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. आय३ मध्ये नोटो देवनागरीचा फॉन्ट टाकून माउसपॅडसारखा, जोडाक्षरं जुळवणारी पँगो लायब्ररी वापरणारा एडिटर उघडलात तर क्ष, ज्ञ, र्‍य सगळं नीट दिसतं, सावकाश पण नीट. मी कन्सोलवाला असल्यामुळे प्रवासात रोमनमध्ये खरडतो आणि घरी येऊन नीट करतो. डेक्कन क्वीनमध्ये शेजारचे काका एकदा लोणावळ्यापासून कल्याणपर्यंत बघत होते, शेवटी विचारलंच, हे डिजिटल डायरी का? म्हटलं हो.

फोन म्हणून वापरायचा विचार मात्र सोडा, सिमच घालू नका. हा ४जीच्या आधीचा जीव आहे आणि नव्या कर्नलमध्ये कॉलिंगचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ह्याच्या अंगातले दुसरे गुण वापरा, उदाहरणार्थ ह्यात इन्फ्रारेड ट्रान्समीटर आहे, 'आयआर-सीटीएल' नावाच्या टूलने टीव्हीला कोड मारता येतात, आमच्याकडे सेट टॉप बॉक्सचा रिमोट सोफ्यात गडप झाला की हाच येतो.

बॅटरी बघायची तर सिस् फोल्डरमधल्या क्लास, त्यातल्या पॉवर सप्लायमध्ये 'बीक्यू२७२००-०' नावाचं फोल्डर आहे. टक्केवारीवर सुरुवातीला विश्वास ठेवू नका, हा मीटर एकदा पूर्ण भरून पूर्ण रिकामी झाल्याशिवाय शिकत नाही. व्होल्टेज बघा, साडेतीनच्या खाली गेलं की मी आवरतं घेतो.

यू-बूट कायमचा लिहायचा का

आठवडाभर रॅममधून चालवून बघा. रोज लॅपटॉपला लावून यू दाबायचा कंटाळा आला आणि हे खरंच वापरणार असं वाटलं तर वरच्याच कमांडमध्ये डॅश एल, डॅश बी च्या जागी डॅश एफ. एफ म्हणजे फ्लॅश. पण थांबा, नुसता यू-बूट लिहिलात तर कर्नलच्या जागेवरचा माएमोचा कर्नल पुसला जाईल आणि कार्ड काढल्यावर माएमो सुरू होणार नाही, म्हणजे आपली मूळ अटच मोडली. यू-बूटच्या मागे माएमोचा कर्नल जोडून केलेली एकत्रित इमेज लिहायची, मग कार्ड नसेल तेव्हा यू-बूट त्या जोडलेल्या कर्नलकडे वळतो. आणि ह्याच्या आधी नोकियाच्या फर्मवेअरची, पीआर १.३ ची, पूर्ण इमेज लॅपटॉपवर असलीच पाहिजे. चुकलं तर त्याच चार एफवाल्या टूलने ती परत घालता येते. नोलो शाबूत आहे तोवर हा फोन सहसा मरत नाही.

मी अजून लिहिलेला नाही. रविवारी सकाळी एकदा केबलवरून बूट करतो आणि मग आठवडाभर बंदच करत नाही, स्क्रीन तेवढी झोपते, बॅटरी संपत आली की टेबलावर चिकटपट्टीच्या केबलला.

बंद करायचा झाला तर 'सुडो पॉवरऑफ' मारून स्क्रीन पूर्ण काळी होऊन दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच मागचं झाकण उघडा. चालू असताना उघडलंत, अगदी सिम आहे का बघायला म्हणून का होईना, तर माझ्यासारख्या कर्नलच्या दृष्टीने त्याच्या पायाखालचं कार्ड कोणीतरी काढून घेतलं. आमच्याकडे हे माझ्या पुतण्याने करून दाखवलंय. फाइलसिस्टिम चेक चालवून कार्ड वाचलं, त्या दिवशीची डायरी गेली.